पोटाचं एकदाच

आमच्या घरात कुणाचं काही दुखलंखुपलं की मत द्यायला अर्धं मारुंजी गाव जमतं. दाढ काढायची असो नाहीतर मुतखडा असो, प्रत्येकाच्या मेव्हण्याला तेच झालेलं असतं आणि प्रत्येकाचा मेव्हणा कसल्यातरी काढ्यानं खडखडीत बरा झालेला असतो. एका मोनिकाच्या आजारावर तेवढं कुणी मत दिलं नाही. तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. त्या गाठीवर बोलायचं तर आधी त्या अवयवाचं नाव घ्यावं लागतं आणि ते आमच्याकडे चारचौघांत घेत नाहीत. त्यामुळे सगळे नुसतं 'तिला ते झालंय' म्हणायचे, माना हलवायचे आणि चहा पिऊन जायचे.

मी मोनिकाची थोरली जाऊ, इंद्रायणी. इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला आमचं सगळ्यांचं घर. वरच्या मजल्यांवर हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरंपोरी भाड्यानं राहतात, गाड्या वाट्टेल तशा लावतात आणि माझ्या शिव्या खातात. माझी जीभ तिखट आहे असं सासूबाई म्हणतात. असेल. घरात एक तरी तिखट लागतंच, नाहीतर लोक येऊन वाटीनं चाखून जातात.

सासूबाई म्हणजे छबूबाई. या जागेवर शेत होतं तेव्हा त्यांनी त्यात भात लावलेला आहे. त्यांचा थोरला मुलगा दादासाहेब माझ्या पदरात पडला आणि धाकटा नवनाथ मोनिकाच्या. नवनाथभावोजींच्या बसगाड्या चाकणच्या कंपन्यांना लावलेल्या आहेत, त्यामुळे ते दिवसरात्र शिफ्टच्या मागे असतात. मोनिका पिंपरीच्या संत तुकाराम नगरातली, नोकरदाराची लेक. लग्न होऊन आली तेव्हा शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ बोलायची. गावच्या बायका तिच्यापुढे बोलायला बुजायच्या. सासूबाई बुजल्या नाहीत. त्यांना लेक नव्हती आणि मोनिकाला आई नव्हती. दोघींचं जे जमलं ते माझं कधी कुणाशी जमलं नाही, आणि हे मला झोंबायचं हे मी लपवत नाही.

मिनल झाली तेव्हा बाळंतपणात मोनिकाची दाढ ठणकायला लागली. सासूबाईंनी तव्यावर तंबाखू भाजली, सगळं घर खोकून हैराण झालं, मग ती कुटून चाळून त्यांनी मिसरी केली आणि आपल्या बोटानं तिच्या हिरडीला लावली. दाढ राहिली, पण सवय लागली. तेव्हापासून रोज सकाळी दोघी सासू-सुना मागच्या नळाजवळच्या पायरीवर बसायच्या, तोंडात बोट, गालात मिसरी, आणि तास-तास गुलुगुलू बोलायच्या. मी कधी लावली नाही, मला वासानंच गरगरतं. सासूबाईंच्या लेखी मिसरी म्हणजे दात घासायची पूड. तंबाखू ती, जी पुरुष तळहातावर चुना घालून मळतात. दोन्ही एकाच पुडीतून निघतात हे त्यांना ठाऊक होतं. पण दूध आणि दही एका म्हशीचं असलं म्हणून दह्याला कुणी दूध म्हणतं का? तसं त्यांचं होतं.

आजारात मोनिकाची डावी छाती काढली. मग औषधं झाली, केस गेले, मग मशीनखाली झोपवून शेक देणं झालं, त्यानं तिथली कातडी काळी आणि चिवट झाली. या सगळ्यात तिचं जे काही करावं लागलं ते सासूबाईंनी केलं. ओकारीची भांडी धुतली, तिला उचलून संडासला नेलं, भात मऊ करून भरवला. मीही करत होते, पण मी करताना कुरकुरते. त्या कुरकुरल्या नाहीत. माझ्या परीनं मी एक केलं. तिच्या ब्लाउजमध्ये आतून पिशवी शिवली आणि तिच्यात कापूस भरला. नुसता कापूस हलका, वर चढतो, म्हणून वजनाला मोहरी घातली. लांबून बघणाऱ्याला कळायचं नाही.

पुढे भाच्याची हळद आली. डीजे लावलेला, बायकांनी ओढून मोनिकाला नाचायला नेलं. ती बरी झाली याचा सगळ्यांना आनंद होता, खोटं का बोला. नाचता नाचता ती पिशवी सरकली आणि पार गळ्याजवळ येऊन बसली. मोनिकाला कळलं नाही. एका चुलतसासूला मात्र कळलं आणि तिनं भर मांडवात, हसत हसत, हात घालून ती खाली ओढून दिली. जशी पोराची चड्डी वर ओढावी तशी.

दुसऱ्या दिवशी मोनिका दुकानात येऊन बसली. मी काज करत होते.

"ताई, पोटाचं मांस काढून छाती करतात म्हणे. मी मोबाइलवर बघितलं. मला करायची आहे."

"भावोजी काही बोलले का?" मी विचारलं. पुरुषांबद्दल माझं मत काही फार बरं नाही.

"ते कशाला बोलतील? त्यांनी कधी तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मला माझ्यासाठी पाहिजे." मग तिनं दोऱ्याचं रीळ हातात घेतलं. "मी आंघोळीला डोळे मिटून पाणी घेते ताई. साबण चाचपडत लावते. मला डोळे उघडे ठेवून आंघोळ करायची आहे, बास."

मी मशीनवर कापड टाकलं आणि म्हटलं, "चल, मी येते बरोबर."

शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर तेजस्विनी म्हणून होत्या. कोल्हापूरकडच्या, वयानं मोनिकाएवढ्याच. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बेंबीच्या खालची कातडी आणि चरबी कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काढायची, तिच्याबरोबर तिला रक्त देणारी शीर काढायची, ते सगळं वर छातीवर आणायचं आणि तिथल्या शिरेला ही शीर जोडायची. शीर शेवईएवढी. ती भिंगातून बघत, डोळ्याला दिसणार नाही अशा दोऱ्यानं शिवायची. रक्त चालू झालं तर ते मांस तिथे जगतं, तिचंच होतं. मी जन्मभर शिवलंय, पण असलं शिवण कधी ऐकलं नव्हतं.

"आणि नाही चालू झालं तर?" मी विचारलं.

"तर काढून टाकावं लागतं. बहुतेक वेळा चालतं. यांच्या बाबतीत शेक झालेला आहे, म्हणजे तिथल्या शिरा आधीच नाजूक. मी खोटी आशा लावणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, पोटाचं एकदाच घेता येतं. ते गेलं तर पोट परत नाही." मग त्यांनी मोनिकाच्या दातांकडे बघितलं. "मिसरी लावता?"

मोनिकानं मान खाली घालून 'हो' म्हटलं.

"आजपासून बंद. ऑपरेशनच्या आधीही आणि नंतरही. तंबाखूनं शिरा आवळतात. आम्ही जोडलेली शीर आवळली तर संपलं."

परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, आईंना सरळ सांगून टाक, मिसरी म्हणजे विष आहे तुला. ती म्हणाली, "नको ताई. त्यांनीच लावायला शिकवलं. त्यांना वाटेल मी त्यांच्यावर ढकलते. मी हिरड्या सुजल्यात म्हणून सांगते." सासूचं मन राखायचं म्हणून हिरड्यांचं सोंग. मी म्हटलं, अगं इथे जिवाशी खेळ आहे, तुझं सासूप्रेम चुलीत घाल. तिनं ऐकलं नाही. जित्याची खोड असते तशी चांगुलपणाचीही असते.

घरी नवनाथभावोजींनी आपल्या परीनं आईला ताकीद दिली. "आई, डॉक्टरनी तंबाखू बंद सांगितलीय हां मोनिकाला."

सासूबाई खो खो हसल्या. "आरं, मी काय तिला चुना लावून मळून देती व्हय? आपल्या घरातल्या बाया कवा तंबाखू खात्यात? तूच खातूस, तुझं बघ."

सगळे हसले आणि विषय तिथे संपला.

मोनिकानं मिसरी सोडली. काय हाल झाले तिचे! डोकं धरायची, पोट साफ व्हायचं नाही, मिनलवर उगीच खेकसायची आणि मग रडायची. बडीशेप, लवंग, वेलदोडा, जे हाती लागेल ते चघळत बसायची. सकाळी सासूबाई पायरीवरून हाका मारायच्या आणि ही आतून "हिरडी ठणकतेय आई" म्हणायची. सासूबाई एकट्याच मिसरी लावत बसायच्या आणि मला विचारायच्या, "इंदे, मोनी माज्यावं रुसली का गं?" मी म्हणायचे, तिलाच विचारा.

ऑपरेशनला अख्खा दिवस गेला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते, पण हसत होत्या. रक्त चालू झालं होतं. एक दिवस आत ठेवून तिला खोलीत आणलं. खोली मुद्दाम गरम ठेवलेली, ए.सी. बंद, अंगावर जाड पांघरूण. चहा-कॉफी बंद. दर तासाला नर्स यायची आणि पेनासारखं एक यंत्र त्या नव्या छातीवर टेकवायची. यंत्रातून सुप् सुप् असा आवाज यायचा. तो रक्ताचा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. मोनिका गुंगीत असायची, तरी नर्सची चाहूल लागली की डोळे न उघडता विचारायची, "वाजतंय का?"

"वाजतंय गं," मी म्हणायचे.

एका सकाळी ती नीट शुद्धीवर आली आणि म्हणाली, मला बघायचंय. नर्सनं कापड बाजूला केलं. मोनिकानं मान उचलली, दुखलं असणार, पण उचलली आणि डोळे उघडे ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. काळ्या पडलेल्या कातडीच्या मधोमध पोटाची गोरी कातडी बसवलेली, कडेनं टाके. मी तर बघून हबकलेच होते. ती मात्र हसली.

"ताई, ही रेघ बघा. मिनलच्या वेळची. पोटावरची रेघ इथे आली."

मला त्या वेळी जेवढं बरं वाटलं तेवढं माझ्या स्वतःच्या बाळंतपणातही वाटलं नव्हतं. मी नर्ससमोरच रडले. सासूबाई म्हणाल्या, "रडतीस काय येड्यावानी, पोरगी हसतीय तर." मग त्यांनी मला घरी पिटाळलं. मिनल शेजाऱ्यांकडे होती, तिच्याकडे कुणीतरी बघायला हवं होतं. "मी हाय की हितं," त्या म्हणाल्या. आणि त्या होत्याच. त्यांच्यापेक्षा जास्त माया करणारं माणूस मी कुठून आणणार होते?

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी पोचले तर खोलीच्या दारात गर्दी. नर्स यंत्र इकडे टेकवतेय, तिकडे टेकवतेय, आवाज येत नाही. ती गोरी कातडी आता पांढरीफटक होती आणि कडेनं जांभळी. मी हात लावला. बाकी अंग तापलेलं आणि तेवढंच गार. मोनिका छताकडे बघत होती. तिनं या वेळी विचारलं नाही, वाजतंय का म्हणून.

डॉक्टर पळत आल्या आणि पाहता पाहता तिला परत ऑपरेशनला नेलं. हाताखालच्या एका डॉक्टरनं सासूबाईंना विचारलं, "आजी, काही दिलं होतं का? चहा, कॉफी, तंबाखू?"

"न्हाई बाबा. पानीबी त्या नर्सबाईला इचारून पाजलं," सासूबाई म्हणाल्या. शपथेवर विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं, कारण ते त्यांच्या दृष्टीनं खरं होतं.

मी खोलीतलं सामान आवरायला लागले. उशीजवळ नॅपकिन होता. त्यावर तपकिरी डाग. वास घ्यायची गरज नव्हती, उलगडतानाच मला गरगरलं.

"आई, हे काय?"

"त्ये व्हय? मोनीचं त्वांड पुसलं," सासूबाई अगदी सहज म्हणाल्या. "किती दिस झालं दात न्हाई घासलं पोरीनं. तोंडाला वास मारत हुता. काल सांजच्याला लावली जराशी, बोटानं. बरं वाटलं तिला. मग आज पहाटं परत लावली. कशी श्यांत निजली म्हून सांगू! त्या नर्सबाया सुया टोचत्यात, पर त्वांड कुनी धूत न्हाई."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. तुम्ही काय केलंत कळतंय का, एवढं तरी मी ओरडणारच होते. तेवढ्यात नवनाथभावोजी चाकणहून धावत आले, घामानं निथळत, आणि आईजवळ खाली फरशीवरच बसले. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि "व्हईल, व्हईल सगळं नीट" म्हणत थोपटायला लागल्या. मी नॅपकिन पिशवीत कोंबला आणि बाहेर गेले. ऑपरेशनच्या दाराशी एका नर्सला गाठलं आणि निरोप आत पाठवला, मिसरी दोनदा लावलीय.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मला काही विचारावं लागलं नाही. शिरेत गुठळी झाली होती. त्यांनी ती काढली, दुसरी शीर जोडून बघितली, औषधं सोडली. रक्त दोन घटका चालायचं आणि परत थांबायचं. शेवटी ते सगळं मांस काढून टाकलं आणि जागा होती तशी शिवून घेतली.

"मिसरीनं झालं ना?" मी विचारलं.

"असेलही. शेक झालेल्या शिरा अशाही कधी कधी दगा देतात. मला खात्रीनं नाही सांगता येणार." त्या भिंतीला टेकल्या. "तुम्हाला खात्री हवी आहे, कळतंय मला. पण ती नाही माझ्याकडे."

मला खरंच खात्री हवी होती. रागवायला नक्की माणूस लागतो.

मोनिका शुद्धीवर आल्यावर भावोजींनी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. रडलीसुद्धा नाही. नंतर आम्ही दोघीच होतो तेव्हा मला राहवलं नाही आणि मी नॅपकिनचं सांगितलं. म्हटलं, घरी जाऊ दे, आज या म्हातारीला मी सोडत नाही.

"पहिल्यांदा मला कळलं नाही ताई," ती म्हणाली. "मी गुंगीत होते. दुसऱ्यांदा कळलं."

"म्हणजे?"

"पहाटे त्यांनी बोट आणलं तेव्हा मी जागी होते. वास आला. मला माहीत होतं काय आहे ते. इतके दिवस डोकं फुटत होतं माझं. म्हटलं, एकदाच. आणि मी तोंड उघडलं."

माझा राग सासूबाईंच्या दिशेनं निघाला होता, तो मध्येच अडला आणि मग त्याला जायला कुठे जागाच उरली नाही. हिच्यावर रागवायचं? पोट फाडलेलं, छाती परत रिकामी, नळ्या लावलेल्या. हिच्यावर कसली रागवते?

"त्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. तुम्हाला मिनलची शपथ आहे."

"का? त्या सुखानं मिसरी लावत बसतील आणि तू..."

"त्यांनी माझी घाण काढलीय ताई. त्यांना कळलं तर त्या जगायच्या नाहीत. मग ते पण माझ्याच डोक्यावर. मला आता आणखी काही नको."

घरी आणली तिला. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाका, सरळ उभं राहता येत नव्हतं, वाकून चालायची. पूर्वी आंघोळीला एका जागेपुरते डोळे मिटायला लागायचे, आता पोटाकडेही बघवेना. मिनलला जवळ घेतानाही ती हात लांब करून घ्यायची. मी नवी पिशवी शिवून दिली, मोहरी घालून. तिनं ती घातली नाही. म्हणाली, कुठे जायचंय मला? भावोजी तिच्याशी बोलायला घाबरत आणि जादा फेऱ्यांच्या नावाखाली बसगाड्यांबरोबर चाकणलाच राहत. त्यांच्यात वाईटपणा काही नव्हता, उपयोगही नव्हता. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, धाकट्या वहिनी कशा आहेत. बऱ्या आहेत, म्हणायचे आणि टेप गळ्यात टाकायचे.

सासूबाई मात्र थांबल्या नाहीत. पायाचं सूप केलं, अळीव केले, नवस बोलल्या. रोज सकाळी पायरीवर बसायच्या आधी आत येऊन विचारायच्या, "मोने, हिरडी बरी हाय का गं? लावतीस का जराशी?" मोनिका म्हणायची, "नको आई." एवढंच. आवाजसुद्धा चढायचा नाही. तो प्रश्न कानावर आला की मी आत भांडी आपटायचे. सासूबाई म्हणायच्या, इंदीला अलीकडं काय झालंय कळत न्हाई.

टाके तपासायला हॉस्पिटलात जायचं होतं त्या दिवशी सासूबाई हटूनच बसल्या. मीबी येनार. मला डाक्टरीनबाईला एक इचारायचंय. डोक्यावर पदर घेऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून त्या गाडीत बसल्या. मी वाटभर त्यांच्याकडे पाठ करून बाहेर बघत होते.

डॉक्टरांनी मोनिकाला टेबलावर झोपवून पोट बघितलं, छाती बघितली. जखमा भरत होत्या. जखमा काय, भरतातच. मोनिका टेबलावर पाय सोडून उठून बसली आणि ब्लाउजची बटणं लावायला लागली. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"डाक्टरीनबाई, एक इचारू का?"

"विचारा ना आजी."

सासूबाईंनी पदर बाजूला सारला आणि लुगड्याच्या निऱ्यांवर आलेलं पोट दोन्ही हातांनी उचलून धरलं. "ह्ये बघा. किती लोंबतंय. मला काय करायचंय आता ह्याचं? ह्ये घ्या आन् हिला लावा. काय कापायचं त्ये कापा, मी हूं का चूं करनार न्हाई."

डॉक्टर हसल्या नाहीत. उठून त्यांच्याजवळ आल्या. "आजी, दुसऱ्याचं चालत नाही. अंग ते स्वीकारत नाही. स्वतःचंच लागतं."

"दुसऱ्याचं कुठं? सून हाय माजी."

"तरीही नाही चालत, आजी."

सासूबाईंचे हात हळूहळू खाली आले. त्यांनी पदर परत घेतला. इतके दिवस त्या याच विचारावर जगत होत्या हे मला तेव्हा कळलं. बोलायचं म्हणून मी जे जे साठवून ठेवलं होतं त्यातलं एक अक्षर मला आठवेना.

"मंग आता तिच्या अंगावं घेन्याजोगं काय ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी मोनिकाकडे बघितलं. "पाठ आहे. पाठीचा स्नायू कातडीसकट फिरवून पुढे आणता येतो. त्यात शीर तोडून जोडायला लागत नाही. लगेच नाही, अंग सावरल्यावर. तुम्हाला हवं असेल तर."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्या मोनिकाजवळ गेल्या आणि तिच्या केसांवरून हात फिरवायला लागल्या. "ऐकलंस का मोने? पाठ हाय म्हनत्यात! आन् ह्या येळंला मी तुज्यापासनं हलनारच न्हाई बघ. ना ह्या नर्सा, ना इंदी. रातंदिस मीच बसन. तुजं समदं माज्या हातानं करन."

मोनिका शेवटचं बटण लावत होती. ते तिला लागेना. सासूबाईंनी वाकून लावून दिलं.

"नको आई," ती म्हणाली. "पाठ तरी राहू द्या माझी."

मग टेबलावरून उतरायला तिनं हात पुढे केला आणि तो सासूबाईंनी धरला.